विद्यापीठातील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला बोलण्याचा निरोप दिला तेव्हा विषय आम्हीच निवडावा असे सांगितले. वर्धापनदिनाला इतिहासावर, धम्मावर, संघटनेवर बोलणारे विद्वान वक्ते दरवर्षी येतात आणि यायलाच हवेत. आम्ही विद्वान नाही. न्हावा, शेवा, जासई, उलवे, अगदी उरणपर्यंतच्या वस्त्यांतून मुंबई विद्यापीठात आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांत नोकरीला जाणारी आम्ही आठनऊ माणसे. कोणी शिपाई, कोणी प्रयोगशाळा परिचर, कोणी लिपिक, एक ताई ग्रंथालयात. सगळ्यांच्या वतीने हे बोलणे आहे, म्हणून यात 'आम्ही' आहे. आमचा विषय आहे विद्यापीठातल्या आणि महाविद्यालयातल्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण.

आता तुमच्या मनात येईल, की हा नोकरदारांचा विषय, त्याचे वस्तीतल्या आयाबायांना काय? काय हो, मागच्या जूनपासून किती घरांत 'फॉर्म परत आला' हे शब्द ऐकू आले ते आठवा. आपली मुले अकरावीला, बी.कॉम.ला, इंजिनिअरिंगला जातात. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, वर गेले तर फ्रीशिप, एवढे आता सगळ्यांना पाठ आहे. पण अर्ज भरल्यावर तो कुठे जातो? तो जातो महाविद्यालयाच्या लिपिकाच्या संगणकावर. लिपिक दाखले बघतो, बरोबर असतील तर प्राचार्यांच्या खात्यावर पुढे ढकलतो, तिथून तो समाजकल्याण खात्याकडे जातो, आणि मंजूर झाला की पैसे मुलाच्या आधारला जोडलेल्या बँक खात्यात. या सगळ्या साखळीतली पहिली कडी म्हणजे तो लिपिक. त्याला काम येत असेल तर तुमच्या मुलाचा अर्ज दोन दिवसांत पुढे जातो. येत नसेल तर मुदत संपेपर्यंत तिथेच पडून राहतो, आणि दोष मात्र आपण सरकारला देतो.

आपल्याच वस्तीतल्या एका मुलीचा अर्ज एका महाविद्यालयातून तीन वेळा परत आला. महाविद्यालयाचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण असे कुठेही होऊ शकते. परत पाठवण्याचे कारण लिहिले होते, 'जातीचा दाखला योग्य नमुन्यात नाही'. मुलीचा बाप बंदरावर ट्रेलर चालवतो. तो तीन वेळा रजा घेऊन तहसील कचेरीत गेला आणि तीन वेळा त्याला सांगण्यात आले, की दाखला बरोबर आहे. आणि तो बरोबरच होता. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना जो दाखला मिळतो त्याचा मजकूर हिंदू अनुसूचित जातीच्या दाखल्यापेक्षा वेगळा असतो. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही लागू केल्या. हे त्या टेबलावर नवीन आलेल्या कंत्राटी मुलाला कोणी सांगितलेच नव्हते. मुलगा वाईट नव्हता. त्याला आदल्या आठवड्यात त्या खुर्चीवर बसवले होते, एक पासवर्ड दिला होता, आणि 'बघून बघून शिकशील' असे म्हणून साहेब मीटिंगला निघून गेले होते. आमच्यातल्या एका लिपिकाने जाऊन त्याला दाखल्याचा नमुना दाखवला. पंधरा मिनिटांचे काम. चौथ्या वेळी अर्ज पुढे गेला.

त्या मुलीच्या वर्षाची फी पंधरा मिनिटांच्या शिकवणीवर अडली होती. ही शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाची. आज ती विद्यार्थ्यापर्यंत पोचायची तर मध्ये बसलेल्या माणसाला हाताळणी यावी लागते. म्हणून आम्ही म्हणतो, की कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हा आपल्या घरचा विषय आहे.

आता याच गोष्टीचे मोठे रूप बघा. २०१७ साल तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. म्हणजे विद्यापीठाला १६० वर्षे पूर्ण झाली ते हे वर्ष. त्या वर्षी विद्यापीठाने ठरवले, की उत्तरपत्रिका आता कागदावर तपासायच्या नाहीत. त्या स्कॅन करायच्या आणि प्राध्यापकांनी संगणकाच्या पडद्यावर गुण द्यायचे. कल्पना चांगलीच होती. पेपर हरवू नयेत, गुणांच्या बेरजेत चूक होऊ नये, गैरप्रकार थांबावेत, हे कोणाला नको आहे? पण परीक्षा सुरू झालेल्या, आणि पद्धत बदलण्याचा निर्णय व कंत्राट त्याच हंगामात. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका, चारशेहून अधिक परीक्षांचे निकाल, आणि हे काम पूर्वी कधी न केलेले हजारो प्राध्यापक व कर्मचारी. कोणाला लॉगिन मिळेना, कोणाच्या पडद्यावर पाने उलटी. बारकोडची गफलत झालेल्या, सापडत नसलेल्या उत्तरपत्रिका वेगळ्याच. पेपर दिलेली मुले निकालात गैरहजर दिसू लागली.

कायद्याप्रमाणे निकाल ४५ दिवसांच्या आत लागायला हवा. राज्यपाल म्हणजे विद्यापीठाचे कुलपती. त्यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. तीही टळली. निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. परदेशी जाणारी, दुसऱ्या विद्यापीठांत एम.ए., एलएल.एम.ला जाणारी, नोकरीची पत्रे हातात असलेली मुले कलिन्याच्या फाटकावर रांगा लावून उभी होती. त्यात उरण-पनवेलचीही होती, कारण रायगड जिल्ह्यातली महाविद्यालये याच विद्यापीठाखाली येतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. विद्यापीठाच्या इतिहासात असे पूर्वी घडले नव्हते.

यावर वर्तमानपत्रांतून फार लिहिले गेले. कोणी कंपनीला दोष दिला, कोणी कुलगुरूंना. आमचे म्हणणे साधे आहे. नवीन यंत्र आणायचे तर ते चालवणाऱ्या माणसाला आधी शिकवायला वेळ लागतो, आणि तो वेळ वेळापत्रकात धरावा लागतो. सतरा लाख उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या म्हणजे कोणीतरी त्या गठ्ठ्यांची दोरी सोडणार, प्रत्येकीवर बारकोड आहे की नाही पाहणार, पाने सुटी करणार, परत मोजणार. ही कामे प्राध्यापक करत नाहीत, कुलगुरूही करत नाहीत. ती शिपाई, हमाल, परिचर आणि रोजंदारीवरची मुले करतात. त्यांना या बदलाची दोन आठवडे आधी नीट ओळख करून दिली असती आणि एखाद्या छोट्या परीक्षेवर प्रयोग करून पाहिला असता, तर निम्मा गोंधळ तिथेच थांबला असता, असे आमचे मत आहे. मत चुकीचे वाटले तर सांगा, पण हे गठ्ठे आम्ही हाताळलेले आहेत.

आता प्रशिक्षणच नाही असे नाही. प्राध्यापकांसाठी व्यवस्था आहे, आणि जुनी आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. तिथे नव्या प्राध्यापकाला उद्बोधन वर्ग, नंतर उजळणी वर्ग. पुढे त्यांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले, आणि २०२३ पासून मालवीय मिशन. नावे बदलली तरी एक गोष्ट कायम राहिली. हे वर्ग केले नाहीत तर प्राध्यापकाची बढती अडते. त्यामुळे प्राचार्यही त्यांना रजा देतात आणि प्राध्यापकही जातात. शिक्षकेतरांसाठी त्याच केंद्रांत मधूनमधून चार-पाच दिवसांचे वर्ग होतात, नाही असे नाही. पण त्यावर ना बढती अवलंबून, ना वेतनवाढ. मग साहेब म्हणतात, 'तू गेलास तर टेबल कोण बघणार?' आणि माणूस जातच नाही. आमच्या आठनऊ जणांत मिळून सगळ्या नोकरीत असे किती वर्ग झाले ते मोजायला बसलो, तर एका हाताची बोटे पुरली.

केंद्र सरकारचे २०१२ चे राष्ट्रीय प्रशिक्षण धोरण आहे. त्यात म्हटले आहे, की प्रत्येक खात्याने पगारावरच्या खर्चाच्या किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी बाजूला ठेवावी. महाराष्ट्र शासनानेही २०११ साली स्वतःचे प्रशिक्षण धोरण केले आणि पुण्याच्या यशदा संस्थेला त्यात शिखर स्थान दिले. म्हणजे शंभर रुपये पगार वाटणाऱ्याने अडीच रुपये शिकवण्यावर खर्चावेत. धोरण सरकारी खात्यांचे आहे हे खरे. पण विद्यापीठालाही हे माप लावून बघायला काय हरकत आहे? आपल्या अर्थसंकल्पात शिक्षकेतरांच्या प्रशिक्षणाला किती तरतूद आहे, हा प्रश्न अधिसभेत कोणीतरी विचारावा. पदवीधर मतदारसंघातून निवडून जाणारे उमेदवार इथे मते मागायला येतात, त्यांना हा प्रश्न आपण विचारू शकतो. आपल्या वस्तीत पदवीधर आता कमी नाहीत.

बंधू-भगिनींनो, न्हावा शेव्याच्या माणसाला प्रशिक्षणाचे महत्त्व खरे तर कोणी सांगायला नको. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात, आणि बंदराच्या नावात दोन्ही गावे एकत्र आली. आमच्या बापजाद्यांची भातखाचरे होती, काहींची मिठागरांवर मजुरी होती, कोळी बांधवांची खाडी होती. जमिनी गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात जे आंदोलन झाले त्यात पाच जणांनी प्राण दिले, म्हणून जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले. ते सगळे आपल्याला माहीत आहे. पण २६ मे १९८९ ला बंदर सुरू झाले तेव्हा दुसरी एक गोष्ट घडली, ती कमी बोलली जाते. हे कंटेनरचे बंदर. इथे हमालाच्या पाठीवरची गोणी नाही आणि हातातला आकडाही नाही. इथे क्रेनच्या उंच केबिनमध्ये बसून वीस फुटी, चाळीस फुटी पेटी अलगद ट्रेलरवर ठेवणारा माणूस पाहिजे. कागद पाहिजे, लायसन पाहिजे, आय.टी.आय.चा दाखला पाहिजे. ज्यांच्याकडे ते होते ते आत गेले. ज्यांच्याकडे फक्त जमीन गेल्याचा कागद होता, त्यांतले कितीतरी जण फाटकाबाहेर टपरी टाकून बसले. मोबदल्याचे पैसे लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये संपले. हे आम्ही कोणाला हिणवायला सांगत नाही. तेव्हा शिकवायची सोय बंदराच्या आधी गावात आली असती तर चित्र वेगळे दिसले असते, एवढेच.

तेच आता कार्यालयांत होऊ घातले आहे. पूर्वी विद्यापीठात शिपायाचे काम म्हणजे फाईल या टेबलावरून त्या टेबलावर. फाईल संगणकावरून जाऊ लागली, की हे काम कमी होणार. देशातली कितीतरी विद्यापीठे प्रवेश, परीक्षा, पगार, रजा हे सगळे केंद्र सरकारच्या 'समर्थ' नावाच्या प्रणालीवर आणत आहेत. मुलांची गुणपत्रे डिजिलॉकरमध्ये जातात. नव्या शैक्षणिक धोरणात मुलाचे क्रेडिट बँकेत जमा व्हावेत तसे जमा होतात, त्याला अकॅडेमिक बँक म्हणतात. यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी भरायची असते. ज्याला भरता येते त्याचे टेबल राहील. जागा निवृत्तीने रिकाम्या होतात त्या कायम स्वरूपात भरल्या जात नाहीत, तिथे ठेकेदाराची मुले येतात, आणि त्या मुलांना तर कोणी काहीच शिकवत नाही, कारण ती उद्या असतील की नाही याची खात्री नसते. आमच्या मते ही सर्वांत वाईट बचत आहे.

इथे बाबासाहेबांचे नाव घ्यावेच लागेल, कारण विषय त्यांच्याशी सरळ भिडतो. आपण त्यांना घटनाकार म्हणून ओळखतो, पण ते महाविद्यालयाचे नोकरही होते. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. बडोद्याच्या नोकरीत अपमान सोसून आल्यानंतरची ही नोकरी. इथेही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी कुरबूर केली. त्यांनी काय केले? पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि आपले पारशी मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले, आणि १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी., आणि बॅरिस्टरीही. एम.ए. झालेला, नोकरीत असलेला माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. 'आता या वयात काय शिकायचे' असे म्हणणाऱ्या आमच्या काही मित्रांना आम्ही हे मुद्दाम ऐकवतो. बाबासाहेब तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते, घरी रमाई आणि यशवंत होते, आणि चुलीची काळजी होतीच.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री होते. कामगारांना तांत्रिक शिक्षण देण्याची योजना त्यांच्या खात्याखाली चालत होती. १९४५ साली त्याच खात्याकडून पुनर्वसन व रोजगार संचालनालय उभे राहिले. आपण ज्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणायचो त्याचे मूळ तिथे आहे, आणि याच संचालनालयाने पुढे १९५० पासून आय.टी.आय.चे शिक्षण सुरू केले. आणि २० जून १९४६ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज निघाले. त्याचे वर्ग सकाळी भरत. का? तर दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब मुलाला शिकता यावे म्हणून. गिरणीतला, गोदीतला, पोस्टातला मुलगा सकाळी कॉलेज करून कामावर जायचा. नोकरी आणि शिक्षण यांचे वेळापत्रक एकमेकांत बसवायचे असते, हे त्या संस्थेने तेव्हा करून दाखवले. आज आमच्या कार्यालयात कोणी कर्मचारी मुक्त विद्यापीठाची परीक्षा द्यायला रजा मागतो तेव्हा त्याला जी वागणूक मिळते ती पाहून आम्हाला हे आठवते.

बरे, कर्मचाऱ्याला नेमके काय शिकायचे असते, हेही सांगितले पाहिजे. पुष्कळांना वाटते संगणक आला म्हणजे झाले. एम.एस.सी.आय.टी. २००१ साली सुरू झाली, आणि सरकारी नोकरीत ती लागू लागल्यावर घरोघरी तिची सर्टिफिकिटे आली. चांगले झाले. पण ती फक्त ओळख आहे. लिपिकाच्या जागेला मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द लागते, आणि खरी अडचण इथे आहे. जुन्या मशीनवर शिकलेल्या माणसाची बोटे मशीनच्या पद्धतीने चालतात. 'कि' काढताना मशीनवर आधी वेलांटी मारायची, मग 'क' मारायचा, कारण कागदावर ती तशीच दिसते. संगणकावरच्या इनस्क्रिप्ट पद्धतीत आधी 'क', मग वेलांटी. बोटांना ही नवी सवय लागायला महिना-दीड महिना जातो. त्या काळात माणसाचा वेग कमी होतो आणि सगळे त्याला हसतात. आमच्यातले एक जण म्हणायचे, 'वीस वर्षांची बोटं आहेत ही, त्यांना मोडायला वेळ द्या.'

दुसरी गोष्ट युनिकोडची. पूर्वीचे मराठी फाँट म्हणजे आत इंग्रजी अक्षरे, वर मराठी कपडा. त्या फाँटमधले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले, आणि तिथे तो फाँट नसला, की पडद्यावर भलतीच चिन्हे. त्यात नाव शोधता येत नाही, यादी अकारविल्हे लावता येत नाही. युनिकोडमध्ये 'क' हा सगळ्या जगात 'क'च असतो. हे एकदा समजले की माणूस हजार नावांची यादी दोन मिनिटांत लावतो. समजले नाही तर तीच यादी पुन्हा टाइप करत चार दिवस बसतो. आणि त्यात मुलाच्या आईचे नाव चुकले, आडनावातला काना राहिला, की पुढे पदवीच्या प्रमाणपत्रावर तीच चूक उतरते. मग तुम्ही शपथपत्र करायला फिरा. १ मे २०२४ पासून राज्यात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव लिहिणे बंधनकारक झाले आहे. चांगला निर्णय आहे, पण ते नाव नीट टाइप करणाराही हवा.

तिसरी गोष्ट टिप्पणी लिहिण्याची, आणि ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. यात संगणकाचा काही संबंध नाही. प्रकरण काय आहे, नियम काय म्हणतो, पूर्वी असे प्रकरण आले तेव्हा काय केले, आणि आता काय करावे, हे पान-दीड पानात लिहिता येणे म्हणजे टिप्पणी. ज्याला टिप्पणी येते त्याला साहेब जवळ बोलावतात. ज्याला येत नाही तो आयुष्यभर आवक-जावक रजिस्टरवर. हे कोणी वर्गात शिकवत नाही, एखाद्या मायाळू वरिष्ठाने शिकवले तरच येते. ज्यांच्या घरात कचेरीचे वातावरण पिढ्यान्पिढ्या होते त्यांना ते घरीच ऐकायला मिळायचे. आपल्या घरांत पहिली पिढी कचेरीत गेली तेव्हा विचारायला कोण होते? म्हणून प्रशिक्षण हा आपल्यासाठी सोयीचा नव्हे तर बरोबरीचा प्रश्न आहे.

आपल्याच वस्तीतल्या एका वहिनीची हकिगत सांगतो. नाव सांगत नाही, त्या इथे बसल्या आहेत. त्यांचे यजमान नोकरीत असताना वारले. अनुकंपा तत्त्वावर वहिनींना लिपिकाची जागा मिळाली, पण अट अशी, की ठरलेल्या मुदतीत टंकलेखन आणि संगणकाची परीक्षा पास व्हायची, नाहीतर जागा धोक्यात. वहिनी दहावी, शाळा सुटून पंधरा वर्षे झालेली, दोन मुले, म्हातारी सासू. पहिल्या दिवशी म्हणाल्या, 'मला नाही हो जमायचं, त्यापेक्षा शिपायाची जागा घेते.' सासूबाईंनी मात्र ऐकले नाही. सहीलाही अंगठा उठवणाऱ्या त्या आजी म्हणाल्या, 'भाकरी मी थापते, तू बोटं चालव.' संध्याकाळी कार्यालय सुटले की वहिनी टायपिंगच्या क्लासला, रात्री साडेआठला घरी. पहिल्या खेपेला चार शब्दांनी राहिल्या, दुसऱ्या खेपेला पास झाल्या. आज परीक्षा विभागात त्यांच्या टेबलावर पुनर्मूल्यांकनाचे अर्ज येतात आणि कोणाचाही अर्ज पडून राहत नाही. अशी कितीतरी माणसे मुदतीत परीक्षा न झाल्याने खालच्या जागेवर गेली, ती दोन महिन्यांची शिकवणी वेळेवर मिळाली असती तर टिकली असती.

आता दोन आक्षेप येतात, त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला, 'बढती ज्येष्ठतेने मिळते, बिंदुनामावलीने मिळते, मग शिकून काय उपयोग?' बढतीच्या यादीत नाव यायला ज्येष्ठता लागते हे खरे, पण यादीत आलेल्या माणसाला परीक्षा, टंकलेखन, गोपनीय अहवाल यांवरून मागे ठेवता येते. तो दरवाजा आपण स्वतःच उघडा का ठेवायचा? दुसरा आक्षेप आमच्या संघटनेतल्या काही मित्रांचा. ते म्हणतात, आधी पगार, मग प्रशिक्षण. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरातल्या विद्यापीठ व महाविद्यालयीन शिक्षकेतरांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला आणि संप केला. रद्द केलेली आश्वासित प्रगती योजना पूर्ववत करा, सातव्या वेतन आयोगाची थकबाकी द्या, या मागण्या रास्तच होत्या आणि आम्हीही त्यात उभे होतो. पण प्रशिक्षणाची मागणी फलकांवर आम्हाला ठळक दिसली नाही. ती पुढच्या वेळी दिसावी असे आम्ही संघटनेत सांगितले आहे. कामावर असताना, पगारी वेळेत, कायम आणि कंत्राटी दोघांनाही, असे तीन शब्द त्या मागणीत हवेत.

तोवर आपण इथे काय करू शकतो? नेरूळ-उरण रेल्वे जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत आली आणि न्हावा शेवा नावाचे स्टेशनच झाले. कलिन्याहून घरी यायला पूर्वी जो वेळ लागायचा त्यातला थोडा वाचू लागला आहे. तो वाचलेला वेळ आम्ही विहाराला द्यायचे ठरवले आहे. विहाराच्या वरच्या खोलीत समितीने दोन संगणक ठेवले आहेत, त्यांवर धूळ आहे. समितीने परवानगी दिली आहे. दर रविवारी सकाळच्या वंदनेनंतर, दहा ते साडेबारा, आमच्यातले दोघे तिथे बसतील. ज्यांना इनस्क्रिप्टवर बोटे बसवायची आहेत त्यांनी यावे. ज्यांची अनुकंपाची मुदत चालू आहे त्यांनी आधी यावे, त्यांना पहिला नंबर. नोकरीत असलेल्यांनी आपल्या सेवापुस्तकाची झेरॉक्स आणावी, कोणत्या नोंदी राहिल्या आहेत ते बघून देऊ. फक्त विद्यापीठातलेच नव्हे, ग्रामपंचायत, बंदर, शाळा, कुठलेही चालतील.

आणि ज्या घरांत मुले कॉलेजात आहेत त्यांनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरल्यावर त्याची पावती आणि जातीचा, उत्पन्नाचा दाखला घेऊन यावे. आधार खात्याला जोडलेले आहे की नाही तेही तपासू, कारण केंद्राचा ६० टक्के वाटा थेट मुलाच्या खात्यात येतो आणि जोडणी नसली की अडकतो. अर्ज परत आला असेल तर परत पाठवण्याचे कारण जसेच्या तसे लिहून आणा, पडद्याचा फोटो काढलात तरी चालेल. कोणत्या कॉलेजात कोणाशी बोलायचे ते आम्ही बघू. पहिला रविवार येत्या पौर्णिमेनंतरचा. खोलीची किल्ली महिला मंडळाच्या ताईंकडे आहे. चपला खाली जिन्यापाशी काढाव्यात.

जयभीम.